किरकोळ

आबांना जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होतंय. वर्षश्राद्ध, पेपरातली पुण्यस्मरणाची चौकट आणि घर रिकामं करणं, तिन्ही कामं एकाच महिन्यात आली. किसन नगरातली आमची बिल्डिंग क्लस्टरमध्ये जाणार आहे, त्यामुळे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली. रविवारी आत्या डोंबिवलीहून स्लो पकडून मुलुंडला उतरली, तीन जिने चढून वर आली आणि पाण्याचा ग्लास हातात घेऊनच बाबांना म्हणाली, "वाच, काय लिहिलंयस ते."

चौकटीचा मजकूर मी टाइप करायचा होता, म्हणून मी तिथे होते. टाइप फार झालं नाही. जे ऐकलं ते इथे लिहितेय.

बाबा : "आयुष्यभर कुटुंबासाठी झिजलेले, स्वतःसाठी कधीही काही न मागितलेले, आमचे आधारवड…"

आत्या : थांब. ‘झिजलेले’ काढ. लेथवरचं टूल झिजतं, टर्नर झिजत नाही. आणि आधारवडही काढ. पेपरातल्या प्रत्येक चौकटीत तोच वड असतो.

बाबा : मग काय लिहू? मजेत जगले असं लिहू? ताई, त्यांचं आयुष्य तूही बघितलंयस. १९६३ साली पाटणहून आले. एमआयडीसीची स्थापना झाली १ ऑगस्ट १९६२ला, म्हणजे वागळे इस्टेट तेव्हा अगदी कोवळी. निम्मे प्लॉट रिकामे, रस्त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते नंबर.

आत्या : अजून तरी कुठे आहेत? रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. पासपोर्ट काढायला येणारे लोक अजून नंबरच विचारत फिरतात.

बाबा : तिथे ते हेल्पर म्हणून लागले. चार वर्षांत टर्नर झाले. आणि तेवढ्यात ११ डिसेंबर १९६७. पहाटे कोयनेचा भूकंप. आबा नाइटला होते. गावाकडचं घर बसलं. मिळेल त्या एसटीने कराड, तिथून पुढे पायी. आठवड्याने परत आले ते आजीला आणि काकाला घेऊन. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. मी एक वर्षाचा, तू पाच वर्षांची. मग ८१चा लॉकआऊट, अकरा महिने. मग आईचं आजारपण. अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा ९२ साली रिटायर झाले, आणि लगेच दुसऱ्या सोमवारी एका गाळ्यात जॉबवर्कच्या लेथवर उभे राहिले. तिथे चौदा वर्षं. वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत! याला झिजणं नाही तर काय म्हणायचं?

आत्या : उभं राहणं म्हणायचं.

बाबा : शब्दांचे खेळ करू नकोस.

आत्या : खेळ नाही. तू त्यांना कधी बघितलंस? शिफ्ट सुटल्यावर. घरी आलेला, पाय धुऊन भिंतीला टेकलेला माणूस बघितलास तू. मी डबा घेऊन जायचे. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून. वॉचमन ओळखीचा झाला होता, तो कधीकधी शेडच्या दारापर्यंत जाऊ द्यायचा. तिथे आत जो माणूस होता तो घरी कधी आलाच नाही. चालू चकाकडे बघून शिट्टी वाजवायचा. जॉब उतरवला की मायक्रोमीटर लावायचा, उजेडाकडे धरायचा आणि हसायचा. एकटाच. सुपरवायझर ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे यायचा, ते त्याच्याकडे जायचे नाहीत. तुझ्या डोक्यातले आबा दमलेले आहेत, कारण तुझ्या वाट्याला दमलेलेच आले.

बाबा : आणि बोट? तेही हसत गेलं?

आबांच्या डाव्या तर्जनीचं टोक नव्हतं. १९७४चा अपघात. आम्ही नातवंडं लहानपणी त्या बोटाला घाबरायचो आणि तेच धरून चालायचो.

आत्या : नाही, बोट हसत गेलं नाही. त्या रात्री ते रडले होते. मी जागी होते.

बाबा : मग? ईएसआयने त्या टोकाची किंमत ठरवली, दरमहा काही रुपये, जन्मभर. आणि अख्ख्या नोकरीचं काय मिळालं? पीएफ आणि ग्रॅच्युइटी. एकोणतीस वर्षं, दर वर्षाचे पंधरा दिवस. पेन्शनची योजना आली नोव्हेंबर ९५मध्ये. आबा तीन वर्षं आधी रिटायर झालेले. ती योजना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

आत्या : ते स्वतःच सांगायचे की. "अख्ख्या माणसाला पेन्शन नाही, बोटाला आहे." आणि पहिले स्वतः हसायचे.

बाबा : हसण्यामुळे अन्याय कमी होत नाही.

आत्या : नाही होत. पण अन्याय झाला म्हणून माणूस नुसता अन्यायाचाच होत नाही. तू त्यांना जे-जे झालं त्याची यादी करतोयस. त्यांनी काय केलं त्याची यादी कर.

बाबा उठले. ट्रंक उघडली. वर ईएसआयचं कार्ड, पीएफच्या पिवळ्या पडलेल्या स्लिपा, शाळेचा दाखला. त्यावर जन्मतारीख १ जून १९३४. गावच्या शाळेत ज्याची तारीख कुणाला ठाऊक नसायची त्याचा वाढदिवस मास्तर एक जूनला लावायचे, त्यातलाच हा. जुन्या बनियनच्या फडक्यात ग्रीस लावून गुंडाळलेला मायक्रोमीटर. आणि खाली वह्या. शंभरपानी, एकावर एक. प्रत्येक पानावर मधोमध रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

बाबा : हे घे. बोलून उपयोग नाही, वाच. मी आठवडाभर वाचतोय. भाडं. रॉकेल. रेशन. गावी मनिऑर्डर. आजीचं औषध. काकाचं लग्न, त्याचं कर्ज, कर्जाचा हप्ता. माझी फी, तुझी फी. भिशी. सगळं आहे. एकच माणूस यात नाही. आबांच्या नावावर एका पैशाचा खर्च नाही. चप्पल घेतली तरी ती माझी किंवा काकाची. ‘स्वतःसाठी काही मागितलं नाही’ हे मी उगाच नाही लिहिलं, पुरावा आहे.

आत्याने चष्मा लावला. एक वही उघडली, दोन-चार पानं उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

आत्या : हे काय आहे?

बाबा : किरकोळ. सहा रुपये.

आत्या : पुढच्या महिन्यात?

बाबा : किरकोळ, सहा.

आत्या : त्याच्या पुढच्या? अरे, पैशापैशाचा हिशेब ठेवणारा माणूस दर महिन्याला ‘किरकोळ’ लिहितो, तेही ठरलेल्या आकड्यात, याचं तुला काहीच वाटलं नाही? काड्यापेटीसुद्धा वेगळी लिहिलीय त्यांनी. मग किरकोळात उरलं काय?

बाबा : तूच सांग.

आत्या : आबा. किरकोळ म्हणजे आबा. पगाराच्या दिवशी खात्यातले चौघं मिळून मामलेदारची मिसळ खायला स्टेशनकडे जायचे. मला माहीत आहे कारण एकदा मला नेलं होतं, आणि घरी सांगू नको म्हणून बजावलं होतं. मला तिखट लागलं म्हणून रस्त्यात गोळी घेऊन दिली. रंगायतन झालं त्यानंतर कधीतरी एखादं नाटक, मागच्या रांगेतलं. वर्षातून दोनदा असेल. तेही यातच. त्यांनी स्वतःसाठी रकाना ठेवला होता. फक्त त्याला नाव दिलं नाही.

बाबा : नाव का दिलं नाही? लाज वाटत होती म्हणून. सहा माणसांच्या घरात मिसळ एकट्याने खाल्ली याची लाज. हे तर आणखी वाईट आहे.

आत्या : थोडी लाज असेल. पण लाज वाटूनही रकाना बंद केला नाही.

मला वाटलं इथे वाद मिटेल. बाबा मात्र दुसरी वही शोधत होते. १९८१-८२ची.

बाबा : हे बघ. मे ८१, कंपनीला टाळं. पगार बंद. आता खर्चाची बाजू बघ. भाडं अर्धंच दिलंय. दूध बंद. रॉकेल निम्मं. आणि शेवटी? किरकोळ, दोन.

आत्या : दोन का होईना.

बाबा : ‘दोन का होईना’? ताई, तुझं एफ. वाय. झालं होतं. जूनमध्ये एस. वाय.ची फी भरायची होती. ती भरली नाही. कॉलेज तिथे सुटलं तुझं. आणि त्याच पानावर किरकोळ दोन रुपये. इतका वेळ तू त्यांची बाजू घेतेयस, मी काही बोललो नाही. पण तुला कॉलेज मिळालं नाही म्हणूनच तुला आबा चांगले हवे आहेत. नाहीतर सगळंच फुकट गेलं असं होईल. खरं की नाही?

आत्याने चष्मा काढला. बराच वेळ पदराने पुसत राहिली. खाली टेम्पोवाला कुणाचं तरी कपाट चढवताना ओरडत होता.

आत्या : असेल. पण मग तुझंही ऐक. तुला कॉलेज मिळालं, म्हणून तुला ते झिजलेले हवेत. उपकार जेवढा मोठा, तेवढं न फेडण्याला कारण मोठं. मी फीबद्दल आबांशी भांडले होते. त्या वेळी नाही, नंतर. माझी मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी. विचारलं, पैसे नव्हते हे मान्य, पण लॉकआऊट उठल्यावर मला परत का नाही घातलं? बाळाच्या डिप्लोम्याची फी निघाली, माझी का नाही? ते काही बोलले नाहीत. त्याचं उत्तर मला मिळालं नाही, आता मिळायचंही नाही. ते मी चौकटीत लिही म्हणत नाही, पण माफही केलेलं नाही. पण दोन रुपयांचा राग मला नाही. दोन रुपयांत कॉलेज होत नव्हतं.

बाबा : तत्त्वाचा प्रश्न आहे.

आत्या : तत्त्वाचा नाही, चहाचा आहे. जमा बाजू वाचलीस का? नुसता खर्च वाचतोयस.

बाबा : (वाचत) जमा. ‘घरून’… बेचाळीस. ‘ताई पगार’… एकशे दहा.

आत्या : ‘घरून’ म्हणजे आईचं. प्लास्टिकच्या बुचांच्या कडा ब्लेडने तासायची, पोत्याच्या हिशेबाने. आणि मी औषधांच्या पॅकिंगला लागले होते, रोड बावीसच्या पुढे. पगार आणून आबांच्या हातात द्यायचे. ते मोजायचे, वहीत लिहायचे, आणि त्यातले दोन रुपये खिशात ठेवायचे. माझ्यासमोर.

बाबा : म्हणजे तुझ्या पगारातले!

आत्या : माझ्या पगारातले. आणि कामावर जाताना मला ते दिसायचे. बंद गेटासमोरच्या टपरीवर, पाच-सातजण. आबांच्या हातात ग्लास. आज याने द्यायचा, उद्या त्याने. युनियनचं काय चाललंय ते तिथे कळायचं. कुठल्या गाळ्यात दोन दिवसांचं काम आहे ते तिथे कळायचं. ज्याच्या खिशात चहाचे पैसे नसत तो दोन दिवस दुसऱ्याच्या चहावर काढायचा, तिसऱ्या दिवशी यायचाच नाही. घरी बसायचा. आपल्या चाळीत तसे दोघं होते. एक दारूत गेला. दुसरा गावी गेला, त्याचं पुढे काही कळलं नाही. आबा अकरा महिने रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बंद कंपनीच्या गेटावर जात होते. ते त्या दोन रुपयांवर. तू सगळ्यांना सांगतोस आबा चिवट होते. चिवट म्हणजे काय वाटतं तुला? सगळं देऊन टाकणं? सगळं देऊन टाकलेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत मोडतो. हे मोडले नाहीत, कारण दोन रुपये मागे ठेवले.

बाबा गप्प झाले. त्यांनी वही मांडीवर घेतली. थोड्या वेळाने सवयीप्रमाणे मोठी उदाहरणं आठवली.

बाबा : वर्षश्राद्धाला दोन शब्द बोलायचेत म्हणून मी महर्षी कर्व्यांचं उदाहरण काढलं होतं. एकशे चार वर्षं जगले. गेले नोव्हेंबर १९६२मध्ये, म्हणजे एमआयडीसी निघाली त्याच वर्षी. त्यांनी काही मागे ठेवलं होतं का? जे होतं ते संस्थेला दिलं. मोठी माणसं अशीच असतात.

आत्या : आणि त्यांच्या घरात काय शिजत होतं ते तुला कसं कळलं? बाया कर्व्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं म्हणून. नवरा देत सुटला की संसार कोण ओढतं ते त्या बाईने लिहून ठेवलंय. आपल्या आईने काय लिहिलं? ‘घरून, बेचाळीस’. तेही आबांच्या अक्षरात. मी आबांची बाजू घेते म्हणतोस ना? मग मीच सांगते आबांवरचा खरा आरोप. त्यांनी स्वतःसाठी दोन रुपयांचा रकाना ठेवला. आईसाठी ठेवला नाही. एकोणतीस वह्या शोध. आईचं किरकोळ कुठे आहे?

मी : आजीला काय आवडायचं?

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. बाबा म्हणाले, "अबोली." आत्या म्हणाली, "ती विकत कुठे घ्यायची? शेजारच्या कुंडीतली." पुढे कुणी काही बोललं नाही.

बाबा उगाचच पानं उलटत होते. मग एकाएकी थांबले. बोटाने पान दाबून धरलं.

बाबा : ताई, डिसेंबर ८१. किरकोळ नाही.

आत्या : असेल. खालच्या ओळीत बघ.

बाबा : नाही. मे ते नोव्हेंबर दर महिन्याला दोन. डिसेंबरला ती ओळच नाही. तिथे लिहिलंय… ‘बाळ, दहावी फॉर्म’.

मार्च ८२ला बाबांची दहावी होती. त्यांचा आवाज बसला.

बाबा : बघ. म्हणजे मी म्हणतो तेच. माझ्यासाठी शेवटी तेही दिलं. दोन रुपयेसुद्धा.

आत्याने वही त्यांच्या हातातून घेतली. चष्मा परत लावला. पान उलटलं. आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती. बोलता येईना, म्हणून तिने वही फिरवून बाबांसमोर धरली.

जानेवारी १९८२. खर्चाच्या बाजूला, शेवटच्या ओळीत, आबांच्या तिरप्या अक्षरात : किरकोळ, चार.

बाबा : चार?

आत्या : थकबाकी वसूल केलीन!

बाबा : जानेवारी ८२! अगं, त्या महिन्याच्या अठरा तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. सगळ्या मुंबईत कुणाला उद्याची खात्री नव्हती. आणि आपला म्हातारा…

आत्या : तेव्हा म्हातारा नव्हता. सत्तेचाळीस वर्षांचा होता. तुला दिलं, खुशीने दिलं. आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं स्वतःला परत केलं. याला झिजणं म्हणतात?

आता बाबाही हसत होते. असं हसताना मी त्यांना गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी टाइप केलेलं सगळं पुसलं आणि विचारलं, आता काय लिहू?

अर्धा तास लागला. ‘झिजलेले’ गेलं, ‘आधारवड’ गेला, ‘स्वतःसाठी कधीही’ गेलं. आत्याचं म्हणणं, नावाखाली ‘टर्नर’ लिहा. बाबांचं म्हणणं, असं कुणी लिहीत नाही. डॉक्टर लिहितात, अ‍ॅडव्होकेट लिहितात. आत्या म्हणाली, "मग टर्नरही लिहितात. आजपासून." ‘टर्नर’ राहिलं. खाली जन्मतारीख, दाखल्यावरचीच, एक जून. मग आत्याने अट घातली की ‘शोकाकुल’च्या यादीच्या आधी आजीचं नाव यायला हवं, नुसतं ‘कै. सौ.’ असं मोघम नाही, पूर्ण नाव, आणि त्यापुढे दोघांनी मिळून हे घर चालवलं एवढं एक वाक्य. बाबांनी शब्द मोजले. चौकट एका आकाराने वाढत होती. त्यांनी वाढू दिली.

संध्याकाळी आत्या निघाली. ट्रंकेतलं काय हवं ते ने, असं बाबा म्हणाले. मला वाटलं ती मायक्रोमीटर घेईल. ज्या माणसाला तो उजेडाकडे धरून हसताना फक्त तिने पाहिलं होतं, त्याचा तो होता. तिने तो फडक्यात पुन्हा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मग १९८१-८२ची वही उचलली आणि पिशवीत टाकली.

"हीच का?" बाबांनी विचारलं. "ते चार रुपये आहेत म्हणून?"

"ते तर आहेतच," आत्या चपला घालत म्हणाली. "पण जमा बाजूला माझा पगार आहे. तो दुसरीकडे कुठेच लिहिलेला नाही."